न्यूट्रल तुटून जळालेल्या उपकरणांची भरपाई नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
वीज वितरण कंपनी

विषय: भरपाईच्या अर्जाचा फेरविचार करणे आणि मीटरमधील नोंदी देणे याबाबत

महोदय / महोदया,

माझा भरपाईचा अर्ज आपल्या विभागाने ‘नैसर्गिक कारणाने झालेला व्होल्टेजमधील चढउतार, कंपनी जबाबदार नाही’ असा शेरा मारून निकाली काढला आहे. हा निर्णय मला मान्य नाही. आपल्या उत्तरात ‘आपल्या एसीच्या नुकसानीबाबत’ असे शब्द आहेत. माझ्या घरी एसी नाही आणि अर्जातही तो नव्हता. अर्ज वाचून उत्तर लिहिले गेले असे दिसत नाही, म्हणून घटना पुन्हा मांडते आहे.

त्या संध्याकाळी आभाळ स्वच्छ होते. पाऊस नव्हता, वारा नव्हता, कुठे वीज कडाडली नव्हती. अचानक घरातले दिवे डोळे दिपतील इतके प्रखर झाले, पंख्यांचा वेग वाढला आणि टीव्हीच्या मागून जळका वास यायला लागला. मी मेन स्विच बंद करेपर्यंत टीव्ही, राउटर, फ्रीज आणि वॉशिंग मशीन चारही गेले होते. त्याच वेळी समोरच्या घरात मात्र दिवे मिणमिणत होते. हा तपशील मी पहिल्या अर्जातही दिला होता. माझ्या मते अख्ख्या प्रकरणाची किल्ली त्यातच आहे.

आपल्या तांत्रिक विभागाला हे सांगण्याची गरज नाही, पण अर्ज हाताळणाऱ्यांना कदाचित असेल. आमच्याकडे चार तारांचा थ्री फेज पुरवठा (वीज आणणाऱ्या तीन फेजच्या तारा आणि त्यांची सामाईक परतीची तार, म्हणजे न्यूट्रल) येतो आणि त्यातून घरांना वेगवेगळे फेज दिलेले आहेत. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट, दोन फेजमध्ये ४००. खांबावर सामाईक न्यूट्रल सुटला की घरे दोन फेजच्या मध्ये एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि ते ४०० व्होल्ट त्यांच्यात भारानुसार वाटले जातात. ज्या फेजवर कमी वस्तू चालू, तिथे व्होल्टेज चढते; जिथे भार जास्त, तिथे उतरते. एका घरात दिवे भगभगणे आणि समोर मिणमिणणे ही तुटलेल्या न्यूट्रलची खूण आहे. आकाशातली वीज पडली असती, तर एक घर असे मिनिटभर मंद प्रकाशात राहिले नसते.

आणि न्यूट्रल तुटलाच होता. तक्रार नोंदवल्यावर आलेल्या आपल्याच लाईनमनने खांबावरची काळी पडलेली जोड आम्हा शेजाऱ्यांसमोर उतरवली, नवी बांधली आणि ‘न्यूट्रल गेला होता’ असे सांगितले. त्यानंतर व्होल्टेज जागेवर आले. माझ्या घरातल्या वायरिंगला कोणी हातही लावला नाही. त्या कामाची नोंद आपल्या दप्तरी असणार. ती न पाहताच निर्णय दिला असेल, तर तो कशाच्या आधारे दिला हे मला लेखी कळवावे.

फोनवर आपल्या प्रतिनिधीने आणखी दोन मुद्दे काढले. पहिला, ‘तुमचा एमसीबी पडला नाही, म्हणजे पुरवठ्यात दोष नव्हता.’ एमसीबी, म्हणजे घरातला आपोआप बंद होणारा स्विच, करंट वाढला की पडतो. व्होल्टेज वाढले म्हणून पडावा अशी त्याची रचनाच नाही. दुसरा, ‘ग्राहकाने सर्ज प्रोटेक्टर लावायला हवा होता.’ टीव्ही सर्ज प्रोटेक्टरच्या पट्टीवरच होता! त्यातला व्हॅरिस्टर (झटका झेलणारा भाग) जळून कोळसा झाला आहे. ही पट्टी सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरते येणारे झटके झेलते. व्होल्टेज चढूनच राहिले तर ती आधी तापते, मग स्वतःच जळते. सुटलेल्या न्यूट्रलपासून वाचवण्याचे काम तिचे नाही. न्यूट्रल घट्ट ठेवण्याचे काम कंपनीचे आहे.

दुरुस्ती करणाऱ्या मेकॅनिकचा लेखी अहवाल सोबत आहे. राउटरच्या अडॅप्टरमधला ४०० व्होल्ट मर्यादा छापलेला कॅपॅसिटर (वीज साठवणारा भाग) फुटला आहे. २३० च्या पुरवठ्यावर त्याच्यावर लाटेच्या शिखराचे, म्हणजे साधारण ३२५ व्होल्ट येतात. ४०० ची मर्यादा ओलांडायला पुरवठा २८० च्या वर जावा लागतो. जुना कॅपॅसिटर आपोआपही फुगतो, हे मला माहीत आहे. पण चार वस्तूंची इलेक्ट्रॉनिक्स एकाच मिनिटाला म्हातारपणाने मरत नाही. फ्रीजचा कॉम्प्रेसर शाबूत आहे, फक्त तो चालवणारा बोर्ड गेला आहे, म्हणून त्याच्यासाठी मी नव्या फ्रीजची किंमत मागितलेली नाही. जे दुरुस्त होते त्याचा दुरुस्तीखर्च, आणि टीव्हीचा बोर्ड मिळत नसल्याने फक्त टीव्हीची किंमत, एवढीच मागणी आहे. टीव्हीवर वाजवी घसारा कापा, माझी हरकत नाही. दुरुस्तीच्या बिलावर मात्र घसारा लावू नये. बोर्ड बदलल्याने जुना फ्रीज नवा होत नाही, तो फक्त आधी होता तसा होतो.

एक काम तातडीचे आहे. आमचा मीटर इलेक्ट्रॉनिक आहे आणि व्होल्टेज मर्यादेबाहेर गेल्याची वेळ अशा मीटरच्या स्मृतीत नोंदवली जाते. ही स्मृती मर्यादित असते, नव्या नोंदी आल्या की जुन्या पुसल्या जातात. माझ्या आणि समोरच्या घराच्या मीटरमधल्या नोंदी आत्ताच उतरवून घ्याव्यात आणि माझ्या मीटरच्या नोंदींची प्रत मला द्यावी. माझ्या घरी व्होल्टेज वाढल्याची आणि समोर त्याच मिनिटाला घटल्याची नोंद मिळाली, तर वाद घालायला फारसे काही उरणार नाही. नोंदी घ्यायला उशीर करून नंतर ‘माहिती उपलब्ध नाही’ असे कळवलेत, तर तो उशीरही मी तक्रारीत जोडेन.

जळालेले बोर्ड, अडॅप्टर आणि ती पट्टी मी जपून ठेवली आहे. आपल्या अभियंत्यांनी कधीही येऊन पाहावी. तपासणीसाठी न्यायची असतील तर वस्तूंची यादी करून सही-शिक्क्याची पोच द्यावी.

पंधरा दिवसांत कारणांसह लेखी उत्तर मिळावे. न मिळाल्यास किंवा पुन्हा छापील मजकूरच आल्यास मी वीज नियामकाकडे आणि ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

भरपाईपेक्षा वेगळी, पण अधिक निकडीची बाब: लाईनमनने बांधलेली जोड तात्पुरती आहे, असे तो स्वतःच सांगून गेला. ‘पक्का कनेक्टर नंतर लावतो’ म्हणाला होता, तो अजून लागलेला नाही. माझ्या अर्जाचा निर्णय काहीही होवो, तो कनेक्टर या आठवड्यात लावून घ्यावा. त्याच जोडीवर शेजारची घरेही आहेत.

आपली ग्राहक
(नाव, पत्ता आणि ग्राहक क्रमांक सोबतच्या बिलावर)

सोबत: वीजबिल, पहिला अर्ज व त्याचे उत्तर, तक्रार नोंदीची पावती, मेकॅनिकचा अहवाल व अंदाजपत्रक, टीव्हीचे खरेदीबिल, जळालेल्या भागांची छायाचित्रे, समोरच्या घरमालकांचे सहीचे निवेदन