पिशवी, पाणी आणि कोयता : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

दर ११ जुलैला आमच्या बीड जिल्ह्यातल्या दवाखान्यांत लोकसंख्या दिन साजरा होतो. लोकसंख्या वाढली म्हणून पाणी पुरत नाही, असं भाषणांत ऐकायला मिळतं. समोर बसलेल्या बायका मान खाली घालून ऐकतात. मला ते सहन होत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ निघाला. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतो. आमच्या बायकांनी आपला वाटा कधीच उचललाय. मराठवाड्यात पाऊस सातशे-आठशे मिलिमीटर पडतो आणि उसाला दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, तरी ऊस काही हटला नाही.

लोकसंख्या, बाईचं आरोग्य आणि जमीन-पाणी एकमेकांत गुंतलेले आहेत, हे मलाही मान्य आहे. पण आमच्याकडे ही गाठ ऊसतोडीच्या कोयत्यात बसलीय. विहीर आटली, रब्बी गेली की ऊसतोडीला जायचं कबूल करून मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यावी लागते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, एकट्या पोराला उचल मिळत नाही. मग पोरींची लग्नं हंगामाच्या आधीच उरकतात. त्याच पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या परभणीत ४८ टक्के आणि बीडमध्ये ४३.७ टक्के होत्या. विशीच्या आत लेकरू आणि बावीस-तेविशीत नसबंदी. पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण राज्यात एक टक्कासुद्धा नाही.

ऊसतोडीच्या फडावरच्या कोप्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्या, एकदा आत वाकून बघा. न्हाणीघर म्हणजे चार काठ्यांना गुंडाळलेलं जुनं लुगडं. बाई अंधारात उठून भाकरी थापते, उजाडायच्या आत फडात असते आणि दिवसभर मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढते. पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं, पण खाडा केला तर पैसे कापले जातात. मग गावी आल्यावर खासगी दवाखान्यात कुणीतरी सांगतं, पिशवी, म्हणजे गर्भाशय, खराब झालीय, काढून टाका. २०१९ मध्ये शासनानंच केलेल्या पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. ऑपरेशनचा खर्च पुढच्या उचलीतून फिटतो, म्हणजे ती पुन्हा फडात.

त्यानंतर पिशवी काढायला जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचा नियम आला, हे चांगलं झालं. पण तो ऑपरेशनच्या दारात आडवा येतो. दुखणं सुरू होतं ते फडात, आणि तिथं आपलं खातं पोचत नाही. अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनचंच घ्या. दिवाळीच्या आधी आशाताईनं गावात दिलं, तर पुढचं तीन महिन्यांनी. तेव्हा बाई सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात असते. तिथल्या आशाच्या वहीत तिचं नावच नाही. डोस चुकतो, दिवस जातात, आणि गर्भार बाई मोळी उचलत राहते.

१९९४ ला कैरोच्या परिषदेत १७९ देशांनी मान्य केलं होतं की लोकसंख्येचा विचार बाईच्या हक्कांपासून आणि आरोग्यापासून सुरू करायचा. आपला देश त्यात होता.

म्हणून आपल्याकडे मागणं आहे. टोळी गाव सोडण्याआधी प्रत्येक बाईची तपासणी व्हावी आणि तिचं कार्ड फडाजवळच्या उपकेंद्रात चालावं. हंगामभर नर्सताई कोप्यांपर्यंत जावी, संध्याकाळी, बाई फडातून परतल्यावर. गर्भनिरोधकांत नसबंदीपलीकडचं काही तिच्या हातात पडावं, आणि नवऱ्यांशीही कुणीतरी बोलावं. कोप्यांवर संडास आणि पाणी नसेल, तर साखर आयुक्तांनी त्या कारखान्याला गाळप परवाना देऊ नये. हे एकट्या आरोग्य खात्याचं काम नाही, ठाऊक आहे. मंत्रिमंडळात सहकार आणि जलसंपदा खात्याचे मंत्री आपल्याबरोबरच बसतात. उसाला किती पाणी सोडायचं, ठिबकाची सक्ती कागदावरून शिवारात कधी उतरणार, हे ठरवताना बाईच्या पिशवीचा आकडाही त्याच टेबलावर ठेवा. आमच्या शिवारात ज्वारी-तुरीला पाणी आणि भाव मिळाला, तर कितीतरी पोरींचं लग्न दोन-चार वर्षं पुढं जाईल.

यंदाचे गाळप परवाने निघायच्या आत ही बैठक लावावी. फडावर काम केलेल्या दोन-तीन बायकांना त्या बैठकीला बोलवा. यायला त्या तयार आहेत.

आपली,
एक आरोग्य कार्यकर्ती
केज तालुका, जि. बीड