लवंगेचा ड्रॉपर

पुणे, सोमवार, रात्री दीड

प्रिय सुध्या,

आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही. तुझी दोन पत्रं समोरच आहेत, वजनकाट्याखाली. रागावला असशील तर हक्क आहे तुझा. पण आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. फोनवर हे सांगता आलं नसतं. मंजूला सांगितलं, तर ती म्हणाली, "एक ड्रॉपर धुवायचा राहिला, त्यात एवढं काय?" तू असं म्हणणार नाहीस. एका न धुतलेल्या पिपेटवरून तू माझ्याशी पंधरा दिवस बोलला नव्हतास.

आईला वास येईनासा झालाय हे तुला मागेच कळवलं होतं. त्या तापानंतर गेला तो गेलाच. दूध उतू जाऊन करपलं तरी ती शेजारी बसून शेंगा सोलत असते. एकदा गॅस तसाच चालू राहिला. पण तिला लागलं ते गोड्या मसाल्याचं. तू खाल्लायस आमच्याकडचा. दगडफूल, धणे, खोबरं, लवंग, सगळं ती नाकाने भाजायची, डोळ्यांनी नाही. या वर्षी मंजूने विकतचं पाकीट आणलं. आई काही बोलली नाही. नुसती डब्याचं झाकण लावून उठली.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी वासाचा सराव करायला सांगितला. जर्मनीत ड्रेस्डेनला हुमेल नावाच्या डॉक्टरांनी २००९ साली तो तपासून छापलाय. चार वास घ्यायचे: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक बाटली १० सेकंद, असं १२ आठवडे. मी म्हटलं, हे तर माझ्याच टेबलावरचं काम! दिवाळीच्या अभ्यंगाचं तेल मी घरीच करतो, गॅलरीत सगळं मांडलेलं आहेच. ५० मिलीचे बीकर, काचेची कांडी, स्टीलचं बारीक नरसाळं, तपकिरी बाटल्या, वासाच्या कागदी पट्ट्या. बोहरी आळीतून काटाही आणलाय, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. थेंब मोजू नकोस, वजन कर, हे तू किती वर्षं सांगत होतास. बरोबर होतं तुझं. वाळ्याचं तेल इतकं दाट की थंडीत थेंब सुटायचं नाव घेत नाही, आणि लिंबाचं पाण्यासारखं पळतं. वीस थेंबांचा एक मिली हा हिशोब दोघांना सारखा कसा लागू पडेल?

चार लहान बरण्या केल्या. आत टीपकागदाची घडी, तिच्यावर तेलाचे थेंब. खरं गुलाबाचं तेल परवडत नाही, म्हणून गुलाबासारख्या वासाचं जिरेनियम घातलं. आई नेमाने बसायची, देवाला बसावं तशी. नऊ आठवडे काहीच नाही. फक्त निलगिरीला म्हणायची, "गार लागतं रे, पण वास नाही." ते मला पटत होतं. निलगिरीचा गारवा नाकातल्या वेगळ्या नसेला कळतो, वासाची नस वेगळी. म्हणून त्या गार लागण्यावर मी आशा ठेवली नव्हती.

दहाव्या आठवड्यात, परवा गुरुवारी, तिने निलगिरीची बरणी नाकाशी धरली, डोळे मिटले आणि म्हणाली, "लवंग."

मी म्हटलं, "नाही आई, ही निलगिरी."

तिने पुन्हा हुंगलं. "लवंग आहे. लांबून येतेय, पण लवंगच."

आणि सुध्या, मी तिच्यासमोर चिठ्ठी धरली. माझ्याच अक्षरातली, 'निलगिरी'. वर शहाणपणा शिकवला, की वास परत येताना कधी कधी वेडावाकडा येतो, एकाचा दुसराच भासतो, मनाला लावून घेऊ नकोस. तिने बरणी खाली ठेवली. शुक्रवारी म्हणाली, "राहू दे आता. नाक खोटं बोलायला लागलंय माझं." तेव्हापासून तीन दिवस बरण्यांना हात नाही.

आज रात्री मी टेबल आवरत होतो. निलगिरीच्या मोठ्या बाटलीचा ड्रॉपर मागेच वाया गेला होता. त्याचं रबर तेलाच्या वाफेवर राहून फुगलं, चिकट झालं, दाबलं की तसंच दबून राहायचं. ती बाटली साध्या झाकणाने बंद ठेवायला हवी होती, हे मला कळायला हवं होतं. ज्या प्लॅस्टिकच्या पेल्याची संत्र्याच्या तेलाने चाळणी केली होती, तो मी अजून जपून ठेवलाय. तरी रबराचा विचार केला नाही. तर त्या आठवड्यात निलगिरीचे थेंब भरताना मी लवंगेचा ड्रॉपर घेतला होता. नळाखाली धरला, झटकला आणि बुडवला.

नळाखाली! लवंगेचं तेल पाण्याने निघतं होय? स्पिरिटने धुवायला पाहिजे होतं.

तरी खात्री करावी म्हणून एक पट्टी बरणीतल्या कागदावर दाबली आणि चिमट्याला अडकवून ठेवली. आधी नुसती निलगिरी. मला दुसरं काही कळेना. मंजूला जागं करून हुंगायला लावलं, तिलाही नाही. मी पट्टीसमोर बसून राहिलो. निलगिरी उडून जाणारी, लवंग चिवट, हे तुला सांगायला नको. पाऊण तासाने पट्टी नाकाशी नेली. निलगिरी जवळजवळ गेली होती आणि खाली, अगदी बारीक, लवंग होती.

म्हणजे मला आणि मंजूला निलगिरीच्या भपक्यात जी सापडली नाही, ती आईला सापडली. तिला वरचा भपका येतच नसेल, म्हणून खालची लवंग मोकळी मिळाली असेल. की नुसता योगायोग? नऊ आठवडे खऱ्या लवंगेच्या बरणीला ती "काही नाही" म्हणत होती. मग इथेच कशी आली? रात्रभर हेच चाललंय डोक्यात.

आता खरा पेच ऐक. नीट तपासायचं तर तिला काही न सांगता तपासलं पाहिजे. नव्या बरण्या, प्रत्येकीला वेगळा ड्रॉपर, चिठ्ठ्या तळाला, आणि कुठली कुठे आहे हे मलाही माहीत नको. आपल्या लॅबच्या बुवा सरांनी असंच शिकवलं असतं. पण तोवर ती "नाक खोटं बोलतं" असं समजत बसणार. आणि आधीच सांगून टाकलं की तू बरोबर होतीस, आणि पुढच्या वेळी काहीच आलं नाही, तर? ७६ वर्षांची आहे ती. एकदा धरलेली आशा दुसऱ्यांदा सोडायला लावायची?

तू काय केलं असतंस ते मला माहीत आहे. आधी चूक कबूल कर, मग रीडिंग घे. ऑक्झॅलिक अॅसिडच्या बाटलीत मी कॉस्टिक सोड्याची न धुतलेली पिपेट घातली आणि तुझं रीडिंग कमी आलं, तेव्हा मी बुवांसमोर गप्प उभा राहिलो. मार्क तुझे गेले. तू ओरडत होतास त्या मार्कांसाठी नाही, मी गप्प राहिलो म्हणून. हे मला आज रात्री कळतंय. इतक्या वर्षांनी म्हणतो, चुकलं माझं.

बाकी सगळं ठीक. माझी शुगर ताब्यात आहे. तुझ्या लेकाची बदली झाली का? गच्चीवरचं गळणं थांबलं का? वहिनींना गुडघ्यासाठी दिलेली तेलाची बाटली उरली असेल तर टाकून द्या. त्यात लिंबाचं तेल आहे, जुनं झालं की कातडीला चावतं, आणि लावून उन्हात जाणं तर मुळीच नको. नवी पाठवतो, या खेपेला वजन करून, तारीख घालून.

मंगळवार, सकाळी

पाकीट बंद केलं नव्हतं म्हणून लिहितो. सांगितलं आईला. चहा ठेवायच्या आधीच. ड्रॉपर दाखवला, पट्टी दाखवली, नळाचंही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मी वेगळं काय म्हणत होते?"

नंतर फळीवरचा मसाल्याचा डबा मागितला. त्यातल्या चार लवंगा तळहातावर घेऊन नखाने मोडल्या आणि मूठ नाकाशी नेली. बराच वेळ तशीच बसली होती. मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. लवंगा मात्र डब्यात परत टाकल्या नाहीत, पदराच्या टोकाला बांधल्यात.

मी स्पिरिट आणायला निघालोय. पत्र वाटेत पेटीत टाकतो.

तुझा
अव्या