रविवारी चोडणला जाताना : पालकांसाठी सूचना

नमस्कार. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मुलांसह रायबंदरच्या फेरी धक्क्यावर जमावे. तिथून फेरीबोटीने गोव्यातल्या चोडण बेटावर, डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात जायचे आहे. जेमतेम 1.78 चौरस किलोमीटरची ही जागा, पण चिमुकल्या पायांना तेवढी पुष्कळ.

ओहोटीची वेळ मुद्दाम निवडली आहे. चिखल उघडा पडला की निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, कल्ल्यांत पाणी साठवून वर येतात आणि पुढच्या परांच्या जोरावर सरपटतात. एकच नांगी मोठी असलेले खेकडे दिसतील, ते नर. तिवराची, म्हणजे खारफुटीच्या झाडाची, चिखलातून वर आलेली मुळे श्वास घेण्यासाठी असतात, त्यांवर कुणी पाय देऊ नये.

एक कळकळीची विनंती. मूल एखाद्या बिळापाशी दहा मिनिटे बसून राहिले तर त्याला ‘चल चल’ करू नका. गेल्या खेपेला आपण फार घाई केली, मला अजून रुखरुख वाटते. कपडे मळणारच, जादा जोड आणावा.

पाणी, टोपी, घरचा खाऊ घ्यावा. मोबाईल मुलांच्या हाती नको. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नावे कळवावीत.