ग्रंथसूचीतील शोधात बदल : सभासदांसाठी सूचना

सभासद बंधू-भगिनींनो,

येत्या सोमवारपासून आपल्या संगणकीय ग्रंथसूचीत शोध घेताना 'पूर्ण मजकूर उपलब्ध' अशी चौकट दिसेल. तिच्यावर खूण केलीत की पडद्यावर अख्खी वाचता येणारीच पुस्तके समोर येतील. खूण नसेल तर कपाटातल्या छापील पुस्तकांसह सगळी यादी दिसेल. सुरुवातीला चौकट मुद्दामच रिकामी ठेवली आहे, नाहीतर कपाटातली जुनी पुस्तके वाचकांच्या नजरेआड होतील.

गेल्या महिन्यात खानापूरच्या एक आजी सूचीतला दुवा पाहून इथल्या संगणकावर वाचायला बसने आल्या. उघडून पाहिले तर मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका, बस्स. त्यांना हेलपाटा पडला याचे आम्हाला फार वाईट वाटले. अशा दुव्यांपुढे आता 'फक्त अनुक्रमणिका' असे स्पष्ट लिहिले आहे.

लक्षात असू द्या :

• नवी पुस्तके पूर्ण मजकुरात सहसा मिळणार नाहीत. कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क (कॉपीराइट) राहतो.
• 'बेळगाव' आणि 'बेळगांव' हे संगणकाला दोन वेगळे शब्द वाटतात. दोन्ही टाइप करून पाहा.
• दुवा उघडला नाही तर पुस्तकाचा दाखल क्रमांक (ग्रंथालयाच्या नोंदीतला क्रमांक) काउंटरवरच्या वहीत लिहा.

रविवारी सकाळी ११ वाजता वाचन कक्षात प्रात्यक्षिक दाखवू. मोबाइल आणि सभासद कार्ड आणावे. निपाणी, खानापूरकडून येणाऱ्यांनी आदल्या दिवशी फोन करावा, म्हणजे जागा धरून ठेवता येईल.

– ग्रंथपाल