सुतळी लावून गाडी बघायला शिकवणाऱ्या काकांना

काका,
सा. न. वि. वि.

तुमच्या वेल्डिंगच्या गाळ्याला पाटी नाही आणि तुम्ही आभार मानू देत नाही. मागच्या महिन्यात पेढे घेऊन आले, तर "पैसे दिलेत ना ताई, मग झालं" म्हणत तुम्ही पुडा पोरांच्या हातात दिलात आणि परत ग्राइंडर सुरू केलात. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. तुमच्यासाठी आहेच, पण माझ्यासारख्या ज्या मुली उंच गाड्या घेऊन पहिल्या पावसात पुण्याहून वेल्ह्याच्या घाटांकडे निघतात, त्यांच्याही नजरेस पडावं अशी इच्छा आहे.

माझी गाडी तुम्हाला माहीत आहे. हीरोची एक्सपल्स २०० मोटरसायकल. पुढचं चाक २१ इंची, जमिनीपासून २२० मिलिमीटर मोकळी, सीटची उंची ८२३ मिलिमीटर. माझी उंची पाच फूट दोन इंच. सिग्नलला एका वेळी एकाच पायाचा चवडा नीट टेकतो. अशी गाडी चालवायची म्हणजे ती कधीतरी पडणार हे धरूनच चालावं लागतं. वेगात नाही, उभ्या उभ्या. वळवताना पायाखाली खड्डा आला, दगड सरकला, की दीडशे किलोच्या वरचं ते धूड सावरता येत नाही.

म्हणून गाडी घेतल्या घेतल्या शहरातल्या एका दुकानातून सगळ्यात दणकट दिसणारा लेग गार्ड, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंना येणारा लोखंडी पाइपाचा बाक, बसवून घेतला होता. "ट्रक आदळला तरी काही होणार नाही" असं सांगून त्यांनी तो विकला. जाड पाइप, मोठा गोल कमानीसारखा बाक, आणि अख्खा गार्ड दर बाजूला दोन बोल्टांवर. बाक किती रुंद आहे ते पाहून मला तेव्हा हायसं वाटलं होतं.

मढे घाटाच्या अलीकडे, केळदला, गाडी वळवताना डाव्या बाजूला पडले. वेग शून्य. उचलून पाहते तर गार्डच्या पाइपाला साधा पोचाही नाही. पण ज्या पट्टीवर तो बसवला होता ती पिळवटली होती आणि अख्खा बाक मागे फिरून मॅग्नेटो कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या डाव्या बाजूच्या झाकणावर, जाऊन बसला होता. कव्हरला चीर, गास्केटातून तेल पाझरतंय, आणि गार्ड मध्ये आल्यामुळे गिअरच्या लिव्हरखाली बूट जाईना. दर दहा किलोमीटरला थांबत, तेल किती ओघळलंय ते वाकून बघत नऱ्ह्यापर्यंत, तुमच्या गाळ्यापर्यंत, आले. वाटेत एकच विचार, आता याहून जाड गार्ड करून घ्यायचा.

तुमच्याकडे तेच मागितलं. २५ मिलिमीटरचा पाइप, ३ मिलिमीटर जाडी, आणि पट्टी दहा मिलिमीटरची. तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर माप घेऊन दुसऱ्या दिवशी या म्हणाला असता. काम मोठं, पैसे जास्त, गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने मागतंय. तुम्ही वाकलेली पट्टी हातात घेतलीत, अंगठा फिरवलात आणि विचारलंत, "पाइपाला काय झालंय का?" नाही म्हटलं. "मग पाइप जाड करून काय मिळणार?"

मग तुम्ही जे समजावलंत ते मी आजवर पन्नास जणांना तरी सांगितलं असेल. गाडी पडली की धक्का कुठेतरी जाणारच. पाइप घेईल, नाही तर पट्टी, नाही तर बोल्ट, नाही तर ज्या ठिकाणी इंजिन फ्रेमला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, धरलंय ती जागा. पाइप आणि पट्टी दोन्ही लोखंडाच्या ठोकळ्यासारखी केली तर पुढचा नंबर फ्रेमचा. पाइप दोनशे-तीनशे रुपयांत बदलतो. फ्रेमवर चेसिस नंबर कोरलेला असतो, ती बदलायची म्हणजे आरटीओच्या खेपा आणि गाडी अर्धी उघडणं. "सगळ्यात स्वस्त जे आहे ते सगळ्यात आधी वाकलं पाहिजे," असं तुम्ही म्हणालात. बोलताना हातातली पट्टी तुम्ही माझ्या हातात दिलीत, जड होती, आणि पिळाच्या जागी रंग उडून लोखंड चमकत होतं.

आणि मग सुतळी. काका, यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी राहीन. दोन पोती आणि एक जुना टायर टाकून तुम्ही आणि तुमच्या मुलाने माझी गाडी अलगद डाव्या कुशीवर निजवलीत. आधी पेट्रोलचं झाकण नीट बंद आहे ना बघितलंत. मग हँडलच्या टोकापासून फूटरेस्टच्या टोकापर्यंत सुतळी ताणून धरलीत आणि मला गुडघ्यावर बसून बघायला लावलंत. गार्ड नसेल तर गाडी या दोन टोकांवर आणि मागे कशावर तरी टेकते. सुतळीच्या बाहेर जे येतं ते जमिनीला लागणार, आत जे राहतं ते वाचणार. माझ्या डोळ्यासमोर मॅग्नेटो कव्हर सुतळीपासून जेमतेम बोटभर आत होतं, गिअरची लिव्हर तर बाहेरच येत होती. तुम्ही खडूने कव्हरवर एक फुली मारलीत, टाकीच्या खांद्यावर एक, आणि म्हणालात, "या दोन फुल्या वाचवायच्या. बाकी सगळा सजावटीचा भाग."

मग उजवी बाजू. तिकडे सायलेन्सर वर चढलेला असल्यामुळे गाडी वेगळ्याच कोनात पडते हे मला कधी सुचलंच नसतं. दोन्ही बाजूंचे गार्ड एकसारखे असावेत असं आपण धरून चालतो, कारण ते तसे छान दिसतात.

गार्ड सुतळीच्या किती बाहेर हवा, तर दोन बोटं. जास्त नाही. जितका बाहेर, तितकी तरफ लांब, तितका बोल्टांवर पीळ जास्त. माझा जुना गार्ड सुतळीच्या जवळजवळ वीतभर बाहेर येत होता. म्हणजे ज्या रुंदीमुळे मला हायसं वाटलं होतं, तिनेच ती पट्टी पिळली होती.

पाइप तुम्ही २२ मिलिमीटरचा घेतलात, २ मिलिमीटर जाडीचा साधा एमएस, म्हणजे माइल्ड स्टील. मी स्टेनलेसचा हट्ट धरला होता, गंजत नाही म्हणून. तुम्ही म्हणालात, गंज रंगाने थांबतो, पण घाटात कुठल्याही गावच्या वेल्डरला एमएस जोडता येतो, स्टेनलेस नीट जोडणारा शोधावा लागतो. हा विचार दुकानात कुणी सांगत नाही. वजनाचाही हिशेब तुम्ही तोंडी केलात. २२ चा दोन एमएम मीटरला साधारण एक किलो भरतो, मी मागत होते तो २५ चा तीन एमएम दीड किलोच्या वर. चार-पाच मीटर पाइप लागला तर तीन किलोंचा फरक, आणि तोही पुढच्या चाकावर.

दर बाजूला दोनाऐवजी तीन ठिकाणी धरलंत. शिवाय डावा आणि उजवा गार्ड पुढून खालच्या बाजूने एका आडव्या पाइपाने जोडलात, म्हणजे एका बाजूचा धक्का दुसरीकडेही वाटला जातो. तो आडवा पाइप वेल्ड न करता बोल्टने लावलात, कारण पुढे एकच बाजू बदलायची वेळ येईल. आलीच, ते पुढे सांगते.

सगळं आधी नुसते टॅक, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके, मारून बसवलंत. मग मुलाला आणि मला दोघांनाही गाडीवर बसवून पुढचा ब्रेक दाबून धरायला लावलात आणि सस्पेन्शन खाली बसवून बघितलंत, हँडल इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत फिरवून. मडगार्ड कुठे घासत नाही ना. माझ्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन १९० मिलिमीटर हलतं, उभ्या गाडीवर जे अंतर पुरेसं दिसतं ते खड्ड्यात संपतं. ऑइल कूलरसमोर पाइप येऊ दिला नाहीत. स्पार्क प्लगचा पाना जातो का, तेल सोडायचा बोल्ट गार्ड न काढता उघडतो का, हेही बघितलंत. या सगळ्यात दुपार गेली आणि तुमचा डबा तसाच राहिला. मला ते तेव्हा लक्षात आलं नाही, आज लिहिताना वाईट वाटतंय.

पावडर कोटिंग होऊन आलं तेव्हाची एक गोष्ट मला सारखी आठवते. तुम्ही चाकूच्या पात्याने बोल्टच्या डोक्याखालचा तेवढाच गोल रंग खरवडून काढत होतात. इतका छान काळा रंग, मला जीवावर आलं. "रंगावर बोल्ट आवळला तर रंग दबतो, बोल्ट ढिला पडतो," म्हणालात. बोल्टच्या डोक्यावरचा मजबुतीचा ८.८ आकडा बोटाने दाखवलात, बिनआकड्याचा बोल्ट इंजिनच्या जागी कधी घालू देऊ नका म्हणालात. मूळच्यापेक्षा पट्टीच्या जाडीइतका लांब बोल्ट घेतलात आणि नटाबाहेर दोन आटे दिसलेच पाहिजेत हे मला स्वतः मोजायला लावलंत. इंजिन खाली बसू नये म्हणून त्याखाली लाकडाचा ठोकळा, आणि एका वेळी एकच बोल्ट काढायचा. पाइपाच्या सगळ्यात खालच्या जागी एक बारीक भोक पाडलंत, आत शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून. दोनशे किलोमीटरनंतर परत बोलावलंत आणि प्रत्येक बोल्टला पाना लावलात. दोन खरंच ढिले झाले होते.

एवढं सगळं करून शेवटी तुम्ही म्हणालात ते सगळ्यात महत्त्वाचं. "याला लेग गार्ड म्हणतात, पण हा पायाचा नाही. हा गाडीचा गार्ड आहे. याच्या भरवशावर पाय ठेवू नका." मी सहा हजार धरून आले होते, तुम्ही साडेतीन घेतलेत आणि उरलेल्यात घोट्याच्या वर येणारे बूट घ्या म्हणालात. घरी येऊन शोधलं तर १९८१ सालचा अमेरिकेतले संशोधक हॅरी हर्ट यांचा मोटरसायकल अपघातांवरचा अहवाल सापडला. त्यांच्या चमूने लॉस एंजेलिस भागातले ९०० अपघात जागेवर जाऊन तपासले होते. त्यात हेच लिहिलं आहे, की क्रॅश बारमुळे, म्हणजे अशाच गार्डमुळे, घोटा आणि पावलाच्या दुखापती जितक्या कमी होतात, तितक्याच मांडी, गुडघा आणि नडगीच्या वाढतात. तो अहवाल तुम्ही वाचलेला नाही. भोसरीच्या कारखान्यांत आणि मग या गाळ्यात वाकलेल्या गाड्या बघत बघत तुम्ही तिथेच पोचलात. मी बूट घेतले.

आता पाबे घाटाचं. ऑगस्टमध्ये, रांजण्याच्या बाजूने चढताना, एका वळणावर वरून लाल चिखल रस्त्यावर आला होता. पुढचं चाक सरकलं आणि गाडी डावीकडे गेली. वेग पंधरा-वीस असेल. पाय खाली सापडला, पण गार्ड आणि फूटरेस्टवर गाडी तोलली गेल्यामुळे मध्ये जागा राहिली आणि बूट ओढून काढता आला. ती जागा तशी असेलच असं नाही, हे तुम्ही बजावलं होतं आणि मी ते विसरलेले नाही. गाडी सपाट न पडता तिरकी राहिली होती, म्हणून उचलताही आली. तुम्ही शिकवलं होतं तसं, पाठ गाडीकडे, कंबर सीटला लावून, गिअरमध्ये टाकून, पायांच्या जोरावर मागे मागे चालत. उजवीकडे पडली तर उचलण्याआधी साइड स्टँड उघडून ठेवायचा, हेही लक्षात होतं, त्या दिवशी गरज पडली नाही. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी एकटीने उचलली.

डावा पाइप खालच्या बाकाशी अंगठाभर आत गेला होता. पट्टी सरळ. कव्हरवर तुमच्या खडूची फुली होती त्या जागी चिखल होता, पुसला तर खाली साधा ओरखडाही नाही. स्टार्टर दाबला, गाडी चालू झाली, वेल्ह्यात चहा घेतला आणि नसरापूरमार्गे घरी आले.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला दाखवली तेव्हा तुम्ही आधी फ्रेमवरची बोल्टाची जागा टॉर्च मारून बघितलीत, मगच पाइपाकडे वळलात. चार बोल्ट काढून डावी बाजू सुटी केलीत आणि वाकलेला तुकडा कापून नवा जोडलात. मी विचारलं की आता इथे जाड घालू या का, तर तुम्ही नुसती मान हलवलीत. त्या दिवशी मला त्या नकाराचं मोल कळलं. तुम्ही मला एकदा नाही, दोनदा जास्त पैशांचं काम नाकारलंत, आणि दोन्ही वेळा बाजू माझ्या फ्रेमची घेतलीत.

तो कापलेला तुकडा मी मागून घेतला होता, आठवतं? तो माझ्या टेबलावर आहे. गाडी घ्यायचं ठरवणारं कुणी आलं की मी तो हातात देते आणि मग सुतळी शोधते.

रविवारी येते आहे. डाव्या बाजूचे दोनशे किलोमीटर भरले, बोल्ट तपासायचे आहेत. बरोबर माझी मैत्रीण असेल. तिने परवाच रॉयल एनफील्डची हिमालयन घेतली आहे आणि तिला कुणीतरी सगळ्यात जाड गार्ड बसव म्हणून सांगितलं आहे. पोती आणि टायर काढून ठेवाल का? आणि या वेळी तुमचा डबा आधी खाऊन घ्या, आम्ही थांबू.

तुमची,
डाव्या कुशीवर निजवलेल्या एक्सपल्सवाली