प्रतिग्रॅम फॅरडच्या आकड्यामागे काय असते?

मा. संपादक महोदय,

‘काही सेकंदांत चार्ज होणारी बॅटरी’ अशा मथळ्यांखाली सुपरकपॅसिटरच्या (वीज झटपट साठवणाऱ्या आणि सोडणाऱ्या साधनाच्या) संशोधनाच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. प्रतिग्रॅम अमुक इतके फॅरड (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेचे, म्हणजे धारितेचे, एकक), हा आकडा त्यांत ठळक असतो. तो कोणत्या परिस्थितीत मिळाला, याचा मात्र पत्ता नसतो.

सुपरकपॅसिटर ही बॅटरी नव्हे. बाजारातल्या सुपरकपॅसिटरमध्ये किलोमागे साधारण ५ ते १० वॅट-तास ऊर्जा मावते, तर लिथियम-आयन सेलमध्ये दीडशेहून अधिक. ही तफावत कमी करण्यासाठी धातूंच्या ऑक्साइडांचे नॅनोकण वापरून पाहिले जातात. त्यांपैकी मँगनीज डायऑक्साइड स्वस्त आहे, त्याचे खनिज आपल्याकडे नागपूर-भंडारा पट्ट्यात सापडते आणि त्याची सैद्धांतिक धारिता प्रतिग्रॅम १३७० फॅरडच्या घरात जाते. परंतु वीज वाहून नेण्यात ते फारच कच्चे असल्यामुळे कणाचा पृष्ठभागच काय तो उपयोगी पडतो आणि आतला भाग नुसता पडून राहतो. कणांवर काही नॅनोमीटर जाडीचा कार्बनचा थर चढवला, की इलेक्ट्रॉनांना वाट मिळते आणि पदार्थाची झीजही कमी होते.

थर चढवण्याची रूढ रीत दिसायला सोपी आहे: ग्लुकोजच्या द्रावणात कण घालून ते बंद ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणाऱ्या भांड्यात) १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायचे आणि मग नायट्रोजन किंवा आरगॉन वायूत भाजायचे. खरी मेख इथेच आहे. ग्लुकोज आणि त्यापासून झालेला कार्बन मँगनीज डायऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतात, आणि हाती कमी ऑक्सिजनचे भलतेच ऑक्साइड येते. भाजणे बेताचे ठेवावे, तर कार्बन पुरेसा वाहक होत नाही. थर जाड झाला, तर आयनांचीच (द्रावणातल्या विद्युतभारित कणांचीच) वाट अडते.

त्यातून मोजणी इलेक्ट्रोडच्या (सेलमधल्या वीज घेणाऱ्या-देणाऱ्या पट्टीच्या) दर चौरस सेंटिमीटरला एक मिलिग्रॅमहूनही कमी पदार्थ लावून केलेली असली, तर आकडा फुगलेलाच दिसणार. व्यापारी इलेक्ट्रोडवर हेच प्रमाण १० मिलिग्रॅमच्या आसपास असते. युरी गोगोत्सी आणि पॅट्रिस सिमों या पदार्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्येच ‘सायन्स’ नियतकालिकात या दिशाभुलीकडे लक्ष वेधले होते.

तेव्हा अशी बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी संशोधकांना एवढे तरी विचारावे, ही विनंती: दर चौरस सेंटिमीटरला पदार्थ किती होता, मोजणी दोन इलेक्ट्रोडांच्या पूर्ण सेलवर केली की एकाच इलेक्ट्रोडची चाचणी घेणाऱ्या तीन इलेक्ट्रोडांच्या मांडणीत, आणि चार्ज-डिस्चार्जच्या दहा हजार आवर्तनांनंतर धारिता किती टक्के उरली.

– रसायनशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर