हॉस्टेलवर निघालेल्या मनूस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

बॅग भरताना तू विचारलंस, "आई, यादीत टॉर्च तीनदा का लिहिलास?" तेव्हा मी विषय बदलला. आता लिहिते.

2006 साली मला टीबी दुसऱ्यांदा झाला. सरकारी औषधांचे तेव्हा रंगीत खोके यायचे. पहिल्यांदा आजारी पडलेल्याला लाल, माझ्यासारखीला निळा. निळ्यात गोळ्यांच्या जोडीला स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं, आठवड्याला तीन, दोन महिने. 24 पैकी एकही चुकवलं नाही. पाळी चुकली ती अशक्तपणाने, असंच धरून चालले. पोटात तू होतीस. गरोदर बाईला हे इंजेक्शन देत नाहीत, पण दिवस गेलेत का, हे मला कुणी विचारलंच नाही. त्याचा राग अजून आहे गं.

ते औषध वारेतून बाळापर्यंत जातं. आतल्या कानातल्या केसाळ पेशी त्याने मरतात, त्या पुन्हा येत नाहीत. ऐकणं आणि तोल, दोन्ही त्या पेशींवरच. तू मान उशिरा धरलीस, दीड वर्षाची झालीस तरी भिंत सोडेनास. आजी म्हणायची, अंगाने जड आहे पोर. ऐकू किती येतं ते बघणाऱ्या बेरा तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले, त्या इंजेक्शनांमुळेच असणार. पायातले पैंजण वाजतात, हे तुला तिसऱ्या वर्षी कानाला मशीन लावल्यावर कळलं. त्या दिवशी पाय आपटत घरभर फिरलीस. मी मोरीत जाऊन रडले.

तुझा तोल डोळे आणि तळपाय सांभाळतात. म्हणून अंधारात, वाळूत पडतेस. पाण्याखाली तर वर कुठे नि खाली कुठे हेच कळणार नाही. मामाच्या विहिरीवर जाऊ देत नव्हते ते यासाठी. तू रुसायचीस, मी कारण सांगत नव्हते. चुकलं माझं. मैत्रिणी धरणावर निघाल्या तर काठावर बस.

पर्समध्ये तुला न चालणाऱ्या औषधांची चिठ्ठी ठेवली आहे: स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन. साध्या तापाला जरी दवाखान्यात गेलीस तरी आधी ती दाखव, मग हात पुढे कर.

अजून एक. काही घरांत या औषधांनी कान पटकन जातात, आणि तो दोष आईकडून मुलांत उतरतो. माझ्याही कानात त्या इंजेक्शनांपासून गुणगुण आहे. रक्ताची तपासणी असते त्याची. दिवाळीला आलीस की दोघींची करू. मी पैसे बाजूला काढलेत.

तुझी,
आई